तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

१२ मे २००७, शनिवार

गाडी आली एकदाची परत. आणि आवाज घेऊन आली — टिक टिक टिक टिक. फाटकातून आत शिरली तेव्हाच मला कळलं. मी हातातलं भांडं तसंच टाकून उठले, तर आईने डोळ्यांनीच दटावलं. जावई आलेत, आधी पाणी ने!

ताईचे यजमान, गजेंद्र भाऊजी. अकोटला बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. मार्चअखेर “कंपनीचे शेतकरी मेळावे हायेत, पंधरा दिवस गाडी द्या” म्हणून घेऊन गेले ते आज उगवले. दीड महिना! तेवढ्या काळात बाबा उन्हातान्हात एसटीला लटकून अमरावतीला जाऊन आले, पण जावयाला एका शब्दाने विचारलं नाही.

आत बसून पाहिलं. शी! औषधाचा उग्र वास सीटच्या कापडात मुरलाय. दाराच्या खणात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या रिकाम्या पन्न्या कोंबलेल्या. काचेला आतून बोटांचे चिकट डाग. माणूस दुसऱ्याची वस्तू वापरतो की उष्टी करतो?

“टॅपेट हाये,” भाऊजी बशीत चहा ओतत म्हणाले. कोणी विचारलंही नव्हतं! “जुनी गाडी म्हटल्यावर वाजनच. खोलाखालाची काई गरज नाई.”

“नाई, नाई! कायले खोलतो!” हे आमचे बाबा.

मी म्हटलं, “टॅपेट असा वाजत नाही.” सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी पंगतीत थुंकले. अमरावतीच्या पॉलिटेक्निकमधून ऑटोमोबाईलचा डिप्लोमा मी केला, पहिल्या वर्गात. भाऊजींना स्टेपनी बदलता येत नाही. पण ते जावई आहेत, विषय संपला!

चारच्या एसटीने गेले. जाताना बाबांनी त्यांना नारळ दिला. गाडी बिघडवून आणल्याबद्दल असेल.

१३ मे, रविवार

सकाळपासून बॉनेटवर चार टाळकी. शेजारचे खुशालराव म्हणाले, पंख्याला काहीतरी लागतंय. दुसरे म्हणाले, पेट्रोलमध्ये भेसळ. तिसऱ्याने नुसतं “नजर लागली” सांगून चहा पिऊन घेतला. एकानेही कान लावला नाही. तोंडं मात्र सगळ्यांची चालू.

मी दोनदा ऐकलं. थंड असताना बारीक. पाच किलोमीटर फिरवून आणल्यावर जास्त. टॅपेट इंजिनच्या माथ्यावर असतात, झडपा उघडणारे; त्यांचं बहुतेक उलट असतं — गरम झाले की आवाज दबतो. एवढी साधी गोष्ट! बाबांना सांगितली.

“जवाईबापू टॅपेट म्हणाले ना,” बाबा म्हणाले.

भातामध्ये खडा लागला तरी हे लोक जावयाला विचारून थुंकतील.

१५ मे, मंगळवार

पंचेचाळीस डिग्री. लाइट सहा तास नाही. टिकटिक चालूच.

१७ मे, गुरुवार

आजपासून अधिक महिना लागला. आईने अनारशाचे तांदूळ भिजत घातले. तीन दिवस भिजणार, मग सुकणार, मग कुटणार, गूळ मिसळणार, मुरणार. तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट, वर दिवा, कपडे — सगळं कोणासाठी? जावयासाठी. अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण. आमचा नारायण खर्रा खातो!

तारीख ठरली. नऊ जूनला ताई येणार, दहाला रविवारी वाण आणि जेवण, आणि ताई इथेच राहणार बाळंतपणापर्यंत. सातवा लागलाय तिला.

याआधी दोनदा तिचं गेलंय. एकदा तिसऱ्यात, एकदा सहाव्यात. सहाव्यातल्या वेळी मी अकोटला गेले होते, ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, तीन दिवस तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. आता डॉक्टरांनी बजावलंय — एसटी नाही, धक्के नाहीत, आणि वाटेत कुठे अडकून पडणं तर अजिबात नाही. म्हणून बाबा म्हणाले, “आपली गाडी हाये ना! आपल्या गाडीतच आनू पोरीले.”

याच गाडीत! अकोटहून इथे भातकुलीपर्यंत, दर्यापूरमार्गे, जूनच्या उन्हात. त्या रस्त्याला मैलोन्‌मैल झाड नाही की टपरी नाही. आणि इंजिन टिक टिक करतंय, आणि का करतंय हे कोणाला जाणूनच घ्यायचं नाही.

२० मे, रविवार

गाडी कुर्बान चाचांकडे घेऊन गेले. बाबा शेजारी बसले होते. डिप्लोमाच्या दोन्ही सुट्ट्यांत मी चाचांच्या अमरावतीच्या गॅरेजात हात काळे केलेत. इंजिन कसं ऐकायचं ते कॉलेजने नाही शिकवलं, चाचांनी शिकवलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर ठेवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. “आवाज कानानं नाई, हड्डीनं आयकाचा, बेटी,” असं सांगायचे.

आज त्यांनी तेच केलं. आधी वर लावला. मग खाली, ब्लॉकच्या बाजूला, तिसऱ्या सिलिंडरपाशी — आणि तिथेच थांबले. मी त्यांचा चेहरा बघत होते. कळलं त्यांना. स्पष्ट कळलं!

डोळे उघडले, बाबांकडे पाहिलं, आणि म्हणाले, “टॅपेट हाय, नत्थुजी. बस.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “चाचा, तुम्ही खाली ऐकत होता.”

“टॅपेटच हाय.”

कव्हर उघडलं, फट मोजायची फिलरची पट्टी घालून सगळे टॅपेट लावून दिले. व्यवस्थित लावले, त्यात खोट नाही. गाडी सुरू केली. टिक टिक टिक! चाचा हात पुसत राहिले. माझ्याकडे बघेनात. निघताना खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, “लंबी नोको नेऊ, बेटी. भातकुली-अमरावती ठीक हाय.”

टॅपेटसाठी कोणी लांब नेऊ नको म्हणतं का?

बाबा परतताना खुश. “पाह्य, मिस्तरीनंई तेच सांगतलं.” भाऊजींचं एक ठीक आहे. पण चाचा! ज्या माणसाच्या कानावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला तो माझ्या तोंडावर खोटं बोलला. आणि खोटं बोलताही आलं नाही त्यांना धड.

२१ मे, सोमवार

जेवले नाही. आई म्हणते ऊन लागलं.

२४ मे, गुरुवार

ठरवलं, कोणी सांगत नाही ना, मग मीच शोधते.

दुपारी सगळे पडले होते. गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवून तापवली. मग कोरडं फडकं हाताला गुंडाळून प्लगच्या वायरी एकेक काढल्या. पहिली काढली, इंजिन लंगडलं, टिकटिक तशीच. परत लावली. दुसरी काढली, तशीच. तिसरी काढली —

टिकटिक बंद! म्हणजे जवळजवळ बंद. परत लावली, परत सुरू. पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा तेच.

त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही तेव्हा आवाज नाही, होतो तेव्हा आवाज. म्हणजे वरचं काही नाही. खाली, तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग खाल्लं गेलंय. प्रत्येक स्फोटाला रॉड तिथे आपटतोय. आज टिकटिक आहे, उद्या ठकठक होईल, आणि एक दिवस रॉड तुटून इंजिनच्या पोटातून बाहेर येईल. कधी, ते कोणी सांगू शकत नाही.

आणि हे बेअरिंग आपोआप जात नाही. तेल संपलं असताना गाडी हाकली तर जातं. तेल संपलं की समोर लाल दिवा लागतो. लाल दिवा दिसत असताना कोणीतरी ही गाडी मैलच्या मैल हाकलीय. दुसऱ्याची गाडी! थांबायला काय झालं होतं? मेळाव्याला उशीर होत होता? तिथे कंपनीवाल्यांसोबत फोटो काढायचा होता? गेल्या वर्षी यांच्याच दुकानातलं बी उगवलं नाही म्हणून लोक दारात येऊन ओरडून गेले, तरी यांचे मेळावे चालूच.

बाबा उठल्यावर सगळं करून दाखवलं. वायर काढली, लावली, काढली. त्यांनी ऐकलं. आवाज जातो हे त्यांनाही ऐकू आलं, मी पाहिलं ना! बाबा तीस वर्षं कापसाचे ग्रेडर होते. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत ओढून धाग्याची लांबी सांगायचे. खरेदी केंद्र बंद पडलं तरी हात अजून तसेच आहेत. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही हाताने बघता ते मी कानाने बघते. तुम्हाला कोणी खोटं पाडलं असतं तर?”

“कापसाचं येगळं हाये,” बाबा म्हणाले. मग उठता उठता, “जवाईबापूनं सांगतलं, मिस्तरीनं सांगतलं. आता पोट्टी म्हणते म्हणून त्याहिले खोटं पाडू का मी? अधिकाच्या महिन्यात?”

म्हणजे यांना पटलंय! पटलंय, आणि तरीही. याचीच किळस येते.

२६ मे, शनिवार

बाबांनी अकोटला फोन केला, नऊ तारखेचं सांगायला. मी शेजारीच उभी होते. पलीकडून भाऊजींचा आवाज फोन फोडून बाहेर येत होता. “गाडी आनू नोका तुमी. मी इथून चांगली जीप करतो ना. माह्या माणसाची हाये. मीच आनून सोडतो तिले.”

अच्छा! म्हणजे गाडीचं काय झालंय ते यांना पक्कं ठाऊक आहे. तोंडाने टॅपेट, आणि स्वतः मात्र बसायला तयार नाहीत!

फोन ठेवल्यावर बाबांचा चेहरा पडला. “लेक म्हायेरी येते अन् भाड्याच्या जीपनं? आपल्या दारात गाडी असून? लोक काय म्हणतीन?” आईनेही मान हलवली. “पोरीले घ्याले म्हायेरचीच गाडी गेली पाह्यजे.” झालं. आता मानाचा प्रश्न झाला. जीप नको, गाडीच जाणार. जावई खोटारडा, सासरा मानी, आणि मधल्यामध्ये माझी ताई त्या इंजिनवर बसणार.

बाबांना म्हटलं, येऊ द्या ना जीप. पहिल्यांदाच त्या माणसाने कामाचं काही सांगितलंय. बाबा माझ्यावरच ओरडले.

२९ मे, मंगळवार

शेतकऱ्यांची अवस्था बघायला गावात सरकारी पाहणी पथक येऊन गेलं. पांढऱ्या गाड्यांची रांग, मागे टीव्हीवाले. मे महिन्यात उघड्या वावरात काय पाहतात कोण जाणे. काचा खाली करून रस्त्यावरूनच पाहिलं, एकाने वही काढली, एकाने नाकाला रुमाल लावला. खुशालराव हात जोडून उभे होते, त्यांच्याशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या गाडीच्या इंजिनचा पट्टा किंचाळत होता. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

२ जून, शनिवार

सकाळी अंगण झाडताना गाडीखाली डाग दिसला. तेलाचा. हात लावून पाहिला तर बुळबुळीत — नुसत्या तेलाचा नसतो तसा.

पोतं अंथरून खाली शिरले. इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला, बुडाशी, बोटभर खोक. तिथे काळा रंग मारलेला. नखाने खरवडला — आत हिरवा. वास घेतला. साबण! कपडे धुवायचा साबण ठोसून खोक बुजवलीय, वर चिंधी, वर काळा रंग, की कोणाला दिसू नये. उन्हाने मऊ पडून आता गळायला लागला.

साबणाचं काही नाही. रस्त्यात टाकी फुटली तर साबण लावून घर गाठतात, सगळेच करतात. पण वर रंग? रंग कोण मारतं? रंग लपवायला मारतात.

तशीच पडून राहिले खाली, तेल गालावर टपकत होतं. इतकी घाण वाटली त्या माणसाची की उठवेना. याच्या हाताखाली माझी ताई जगते.

साबणाचा मोठा तुकडा निघाला तो बोर्नव्हिटाच्या डब्यात ठेवला. भोक रबर आणि पत्र्याची पट्टी लावून आवळलं, तेल भरलं. कोणाला सांगितलं नाही.

३ जून, रविवार

मैत्रिणीकडे जाते सांगून एकटी एसटीने कुर्बान चाचांकडे. डबा उघडून समोर ठेवला.

चाचांनी तुकडा नखाने टोकरून पाहिला आणि म्हणाले, “तुहे भाऊजी आल्ते. गाडी तुमच्या घरी नेल्ती ना, त्याच दिवशी, आंधी इथं आल्ते. मले म्हणे, आयका. मी आयकलं. सांगतलं का बेरिंग गेली. म्हणे, चाचा, कोणाले सांगू नोका, टॅपेट म्हणा. बाळंतपण झालं का मी सोता गाडी आनून देतो, पुरी करून घेतो.”

“आणि तुम्ही हो म्हटलं?”

“जबान देली, बेटी.”

“का पण?”

“दामाद माणूस हात जोडून उभा होता. मी नाई पुसलं काहून. तूई नोको पुसू.”

हात जोडून! पकडले जाण्याच्या भीतीने हात जोडतात लोक. मी चाचांना म्हटलं, “तुमचा शब्द तुमच्याकडे ठेवा. माझी बहीण त्या गाडीत बसणार आहे.” चाचांचा चेहरा उतरला. “बसवू नोको,” एवढंच म्हणाले. चहा सांगितला होता त्यांनी. मी प्यायले नाही.

६ जून, बुधवार

अनारसे. पहिला घाणा हसला — तुपात पसरून भुगा. आई रडकुंडीला आली, जावयाच्या ताटात काय ठेवू म्हणून. दुसरे जमले. खसखस नीट लागली. मी मोजून तेहतीस डब्यात भरले. एकही खाल्ला नाही.

९ जून, शनिवार

केलं मी ते.

पहाटे उठून प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, आतला छोटा रोटर काढून घेतला, झाकण परत लावलं. रोटर ओढणीच्या टोकाला बांधला. बाबा आंघोळ करून, टोपी घालून, हळद-कुंकू लावलेली गाडी सुरू करायला बसले. चावी फिरवली. फिरवली. फिरवली. इंजिन नुसतं घुर्र करतं, पकडत नाही. दहा मिनिटांत घामाने सदरा भिजला त्यांचा.

“पाह्य ना वं, प्रणाली, काय झालं थे,” म्हणाले. आज बरी पोरगी आठवली! मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभी राहिले आणि म्हटलं, “काही कळत नाही बाबा.” इतकं वाईट वाटलं त्यांच्याकडे बघून. पण नाही दिला रोटर.

शेवटी फोन. भाऊजींनी तासाभरात जीप काढली. ताई एक वाजता पोचली, मऊ गाद्यांवर बसून, भाऊजी जीप बैलगाडीच्या चालीने आणत होते म्हणे. सोबत तिच्या सासूबाई माणिकबाई; ताई त्यांना आत्याबाई म्हणते. ताई उतरताना पोटावर हात ठेवून हसली. किती दिवसांनी हसली! मी तिला धरून आत नेलं.

माणिकबाई गाडीकडे पाहून म्हणाल्या, “म्हायेरची गाडी दारातच बसली का?” बाबा जीपमधलं सामान उतरवायला वळले.

१० जून, रविवार

आज जे झालं ते लिहिते. पश्चात्ताप नाही.

बारा वाजता पाट मांडले. भाऊजी नव्या धोतरात, माणिकबाई, खुशालराव, दोघे-तिघे भाऊबंद. आईने दिवा लावलेलं ताट भाऊजींच्या हातात दिलं. बाबांनी पाय धुतले त्यांचे. माझ्या बापाने त्या माणसाचे पाय धुतले! आणि वरून हात जोडून म्हणाले, “जवाईबापू, काल गाडीनं दगा देला. आमचं चुकलं. तुमाले तरास झाला.”

माणिकबाई म्हणाल्या, “जुन्या वस्तूचा काय भरोसा! माहा गजू होता म्हणून.”

आणि भाऊजी मान खाली घालून बसले.

मी आत गेले, डबा आणला आणि तो काळा, तेलकट, हिरवा गोळा अनारशांच्या ताटाशेजारी ठेवला. म्हटलं, “गाडीने दगा नाही दिला बाबा. हा बघा दगा. टाकी फोडली, साबण ठोसला, वरून रंग मारला. लाल दिवा लागला होता तरी हाकत राहिले, इंजिन खाल्लं. कुर्बान चाचांना हात जोडून खोटं बोलायला लावलं. आणि ताई त्याच गाडीत बसणार होती, तरी खरं बोलले नाहीत. काल सुरू झाली नाही कारण रोटर मी काढून घेतला होता — हा बघा.”

ताई पांढरीफटक पडली. उठायला गेली. “प्रणाली, थांब, आयक माहं —”

“तू बस,” भाऊजी तिला म्हणाले. इतक्या कडक आवाजात! सगळ्यांसमोर. तीही लगेच खाली बसली, तोंडाला पदर लावून. बघा, कसं ठेवलंय तिला!

मग माणिकबाईंकडे एकदा बघून बाबांना म्हणाले, “माह्याच हातून लागली. चुकलं माहं. सांगाची लाज वाटली.”

“लाज!” बाबा म्हणाले. बाबांचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. “माह्या पोरीचा जीव स्वस्त वाटला तुमाले? लाल दिवा दिसत असताना गाडी हाकता? माणूस हा का कोण?”

भाऊजींनी ताट खाली ठेवलं. दिवा फुंकला नाही, तसाच जळत होता. जीप दाराशी उभीच होती. माणिकबाईंना त्यात बसवलं आणि निघून गेले, पाटावरून उठून, उपाशी. अधिकातला जावई उपाशी गेला म्हणून आई रडतेय अजून. मला वाईट वाटत नाही. एकदा तरी या घरात खरं बोललं गेलं.

११ जून, सोमवार

ताई बोलत नाही माझ्याशी. नवऱ्याचा अपमान झाला म्हणून फुगलीय. याचाही वीट आला. मार खाणारीच मारणाऱ्याची बाजू घेते ती गत!

पण बाबा सकाळी माझ्याजवळ येऊन बसले. डोक्यावर हात ठेवला. “तू म्हणशीन तसं करू गाडीचं,” म्हणाले.

१३ जून, बुधवार

गाडी ओढून चाचांकडे नेली. तेलाची टाकी उतरवली. तिसरं बेअरिंग — खरवडून तांबं दिसत होतं. पहिलं-दुसरं ठीक. मी म्हटलं होतं तसंच, तंतोतंत.

चाचा बेअरिंगचा तुकडा उजेडात धरून म्हणाले, “कान बराबर हाय तुहा.” मग म्हणाले, “पन एक बात. टाकी फुटल्यावर गाडी लय जोरात मारली हाय कोनं तरी. तीन-चार मैल, एका दमात. हौसेनं नाई मारत कोणी असं.”

मी विचारलं नाही पुढे. बाबा गावभर सांगत सुटलेत, “माह्या पोट्टीनं कानानं पकडलं.” ऐकायला छान वाटतं, खोटं कशाला बोलू.

१५ जून, शुक्रवार

अधिक आज संपला. दुपारी ताईने दार लावून घेतलं आणि सांगितलं. गाडी ती चालवत होती.

मेळावे हे निमित्त. गाडी नेली ती तिला शिकवायला, तिच्याच हट्टाने. मागच्या वेळी सहाव्यात दुखायला लागलं तेव्हा भाऊजी बाहेरगावी होते. शेजारणीने स्वतःच्या गाडीची चावी आणून हातात दिली होती, आणि घरात चालवता येणारं कोणी नव्हतं. ती चावी हातात धरून बसली होती, म्हणे. रोज दुपारी अकोटबाहेर, रस्त्याला चिटपाखरू नसताना, दोघं जायचे. एक दिवस गिट्टीच्या ढिगावर गाडी चढली, खाली तेलाची टाकी फुटली. तिला थोडं रक्त गेलं. भाऊजींनी तिला मागे झोपवलं आणि दवाखान्यापर्यंत गाडी मारली. लाल दिवा लागला होता. तिने मागून पाहिला होता, त्यांनाही म्हणाली. ते म्हणाले, जळू दे.

“आत्याबाईले कळलं असतं का पोटुशी असून गाडी चालवत होती, तर काई झालं असतं तरी, नसतं झालं तरी — जल्मभर माह्याच नावानं राह्यलं असतं. म्हणून ते बोलले नाई. आताई बोलनार नाई. तूई बोलाचं नाई.” पोटावर माझा हात ठेवून शपथ घ्यायला लावली. आतून लाथ लागली हाताला.

बाहेर ओसरीवर बाबा कोणाला तरी सांगत होते, असा जावई शत्रूलाही मिळू नये.

मी शपथ घेतली.